हिंगाच्या डबीपासून सीरमच्या बाटलीपर्यंत

(सोसायटीच्या महिला मंडळाने घेतलेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण)



मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. त्यामुळे जिन्यात भेटणाऱ्या मुली हल्ली मोबाइलवर बाटल्यांचे फोटो दाखवून विचारतात, "काकू, हे सीरम घेऊ का?" त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर एक नाव असतं, फेरुलिक ॲसिड. आज त्याच्याविषयी बोलते.

नाव परकं वाटलं, तरी नातं आपल्या फोडणीशी आहे. हिंगाच्या झाडाचं शास्त्रीय नाव फेरुला. १८६६ साली हिंगातून हा पदार्थ वेगळा काढला गेला, म्हणून तो फेरुलिक. तांदळाच्या आणि गव्हाच्या कोंड्यातही तो असतो. तिथे तो पेशींच्या भिंती घट्ट बांधून ठेवतो.

त्वचेला त्याचा उपयोग काय? उन्हातले अतिनील किरण त्वचेत शिरले की 'फ्री रॅडिकल्स' नावाचे अस्थिर कण तयार होतात. ते शेजारच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. त्यातून त्वचेला ताठ ठेवणारं कोलॅजेन बिघडतं, सुरकुत्या आणि डाग येतात. फेरुलिक ॲसिड या कणांना शांत करतं. अशा पदार्थालाच अँटिऑक्सिडंट म्हणतात.

२००५ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई जीवनसत्त्व असलेल्या द्रावणात त्यांनी ०.५ टक्के फेरुलिक ॲसिड घातलं. उन्हापासून मिळणारं संरक्षण ४ पटींवरून ८ पटींवर गेलं. लवकर खराब होणारं क जीवनसत्त्वही जास्त टिकलं. मात्र हा प्रयोग डुकराच्या त्वचेवर, प्रयोगशाळेतल्या कृत्रिम उन्हात झाला होता. आठ पट म्हणजे आठ वर्षांनी तरुण, असा अर्थ काढू नका हं!

मग सनस्क्रीन सोडायचं का? मुळीच नाही. आपल्याला गच्चीच्या गळतीचा अनुभव आहेच. सनस्क्रीन म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग. ते करूनही थोडं पाणी झिरपतंच. त्याखाली ठेवलेली बादली म्हणजे अँटिऑक्सिडंट. नुसत्या बादलीवर पावसाळा निघत नाही.

आता कळकळीने सांगते. झाडापासून मिळतं म्हणून स्वयंपाकघरातलं सगळं चेहऱ्याला चालतं, असं नाही. आपल्याच इमारतीतल्या एका मुलीने लिंबू चोळलं आणि उन्हात गेली. चेहरा भाजल्यासारखा झाला आणि काळे चट्टे महिनोन् महिने राहिले. लिंबातले काही घटक उन्हाबरोबर त्वचा जाळतात. तिने बाहेर जाणंच बंद केलं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. हिंगही फोडणीतच राहू द्या. सीरममध्ये शुद्ध केलेला, मोजून घातलेला पदार्थ असतो. डबीतल्या हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो.

सीरम घेतलंच, तर गडद रंगाच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीतलं घ्या. उन्हापासून लांब ठेवा. क जीवनसत्त्वाचं सीरम तपकिरी झालं तर टाकून द्या. आधी काही दिवस हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून बघा. आग किंवा खाज झाली तर थांबा. डाग किंवा पुरळ असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि पैसे एकाच बाटलीपुरते असतील, तर सनस्क्रीन घ्या.

रौप्यमहोत्सवी वर्षात कार्यकारिणीला एक विनंती. आपले वॉचमन दुपारभर गेटवर उन्हात बसतात. त्यांच्या खुर्चीवर एक पत्र्याची शेड घाला. सावलीएवढा स्वस्त उपाय कुठल्याच बाटलीत मिळत नाही.