माळवद उकरणारे चौघे
माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर, मराठवाड्यातील जुन्या घरांची ओळख असल्याने तिथल्या मांजरसुंबा गावच्या मुलांना मार्ककृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथाच्या, २ऱ्या अध्यायातील कफर्णहूम गावातली कथा चटकन उमगू शकते. येशू होता त्या घराच्या दारात गर्दी दाटल्याने चौघांनी छप्पर उकरून पक्षघाती, म्हणजे अंग लुळे पडलेल्या, माणसाची बाज खाली सोडली, आणि येशूने त्याला ती बाज उचलून घरी जाण्यास सांगितले. येशूने पाहिलेला विश्वास एकट्या रुग्णाचा नव्हता, तर त्याला वाहून आणणाऱ्यांचाही होता, ही बाब शिकवताना सर्वांत मोलाची ठरते, कारण येथे करुणा नुसती हळहळ न राहता खांद्यावरचे ओझे आणि नखांत शिरलेली माती होते. उकरलेले छप्पर पुढे कोणी बुजवले, हे मार्क सांगत नाही. तो प्रश्न मुलांना अवश्य विचारू द्यावा.