सेप्सिस आणि हृदयाचे इंधन



हृदय हा जेमतेम तीनशे ग्रॅम वजनाचा स्नायू. त्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा मेदाम्लांतून येतो. उरलेला शर्करा, लॅक्टेट व कीटोन यांतून. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेबंद प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागतात, त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. तीत ही व्यवस्था ढासळते.

1984 मध्ये अमेरिकेत मार्गारेट पार्कर व सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या 20 रुग्णांच्या हृदयाच्या प्रतिमा किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने घेतल्या. निम्म्यांचे हृदय दुबळे झाले होते. पण जे वाचले त्यांचे सुमारे दहा दिवसांत पूर्ववत झाले. मृत झालेला स्नायू असा परत येत नाही. पुढे 1987 मध्ये फ्रेंच वैद्यांना आढळले, की अशा हृदयाला रक्त मिळते, परंतु ते मेदाम्ले व शर्करा कमी घेते आणि लॅक्टेट अधिक. अन्न ताटात असून घास उतरत नाही, तसेच हे.

हा बदल डोळ्यांनी पाहण्याचे एक साधन म्हणजे पेट स्कॅन. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील किरणोपचार केंद्रात भारतातील पहिले पेट यंत्र 2002 मध्ये आले. त्यात वापरले जाणारे फ्लोरिन-18 हे द्रव्य दर 110 मिनिटांनी निम्मे होते. अडचण वेगळीच आहे : कृत्रिम श्वासावर असलेला, रक्तदाब औषधांनी टिकवलेला रुग्ण यंत्रापर्यंत न्यायचा कसा? शिवाय सेप्सिसमध्ये रक्तशर्करा वाढलेली असते, त्यामुळे प्रतिमा फसवी ठरू शकते. म्हणून अतिदक्षता विभागात आजही भिस्त खाटेशेजारच्या इकोवरच. इको हृदयाची हालचाल दाखवतो, इंधन नव्हे.

उपनगरांना हा विषय परका नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि पाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. हा आजार बळावल्यास मूत्रपिंडांप्रमाणेच हृदयालाही ग्रासू शकतो.

पर्युषणही पावसाळ्यातच येते. उपवासात निरोगी हृदय अधिक मेदाम्ले वापरते. म्हणूनच काही पेट तपासण्यांपूर्वी उपाशी राहण्यास सांगतात. मात्र तपस्व्याला ताप, धाप, गुंगी अथवा लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसल्यास तो केवळ अशक्तपणा समजू नये. तिविहारात उकळलेले पाणी तरी पोटात जाते, चौविहारात तेही नाही. अशा वेळी घरच्यांनी पारण्याच्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि उपवास किती दिवसांचा आहे, हे डॉक्टरांना आधी सांगावे.