स्फटिक, आरोग्य आणि पृथ्वीकाय जीव



कारधा येथे वैनगंगेच्या पात्रातील ओंजळभर वाळू उन्हात धरली, तर तिच्यात गारेचे कण चमकतात. गार, स्फटिक आणि जांभळा ॲमेथिस्ट ही एकाच खनिजाची रूपे. त्याची वाळू ट्रकने विकली जाते; पारदर्शक खडा मात्र ‘मनःशांती’साठी मखमली डबीत जातो. भंडारा जिल्ह्यातच पोहरा परिसरात कोरंडम आढळते. माणिक व नीलम ही त्याचीच रत्नरूपे. जिल्ह्यात मिळणारे कायनाइट भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटांसाठी वापरतात, आणि रत्नचिकित्सेच्या दुकानांत तेच खनिज कंठाच्या विकारांवर सुचविले जाते!

रत्नचिकित्सेचे समर्थक स्फटिकाच्या कंपनांचा दाखला देतात. दाबल्यावर स्फटिकात विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखविले. मनगटी घड्याळातील क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, हेही खरे. परंतु त्याला कंपित करते ती बॅटरी. उशाशी ठेवलेल्या खड्याला अशी प्रेरणा कोठून मिळणार? लंडन येथील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच व सहकाऱ्यांनी ८० जणांवर केलेला प्रयोग २००१ मध्ये मांडला. काहींच्या हाती खरे स्फटिक होते, काहींच्या हाती नकली. ऊब, झिणझिण्या, प्रसन्नता हे अनुभव दोहोंकडे सारखेच आले. अशा गोष्टींवर आधीच विश्वास असणाऱ्यांना ते अधिक आले.

स्फटिकमाळेवर जप करताना मन निवते, हे नाकारण्याचे कारण नाही. श्वास संथ होतो, चित्त एका ठिकाणी राहते. हे काम जपाचे. मधुमेहाची गोळी बंद करून गळ्यात खडा बांधणे ही मात्र जिवाशी प्रतारणा होय.

जैन श्रावकापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. उत्तराध्ययन सूत्राच्या ३६ व्या अध्ययनात पृथ्वीकाय जीवांचे भेद सांगताना गोमेद, स्फटिक, मरकत, वैडूर्य यांची नावे येतात. खडा आपणास काय देईल, हे विचारण्यापूर्वी आपण त्याचे काय केले, हे पाहावे लागते. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत भूमी फोडण्याचा व्यवसाय, स्फोटकर्म, आहे. हिंसा तेथेच थांबत नाही. गुजरातेत खंभात येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ साचून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. एकाच्या आरोग्यासाठी घेतलेला खडा दुसऱ्याचा श्वास घेत असेल, तर ते कसले आरोग्य?

स्फटिकाचा खरा उपयोग आचार्य कुंदकुंदांनी समयसारात करून घेतला आहे, तो दृष्टांत म्हणून: स्फटिक स्वतः शुद्ध, त्यात दिसणारी लाली शेजारच्या वस्तूची. आत्म्यावरील रागद्वेषाचेही तसेच.

घरातील जुनी स्फटिकमाळ टाकून देण्याचे कारण नाही. घासून घडविलेला खडा अचित्त झालेला असतो. जपाला ती अवश्य घ्यावी. नवी मागविण्यापूर्वी मात्र थांबावे. आणि कोणताही खडा भिजवून ते पाणी औषध म्हणून पिऊ नये. मॅलाकाइटसारख्या खड्यांत तांबे असते व ते पाण्यात उतरू शकते.