तुकड्यातुकड्यांनी चाललेली वाट

(स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'अमेरिकेतल्या आयटीबद्दल' बोलायला सांगितलं होतं. मी दिवसभर स्क्रीनसमोर बसून नेमकं काय करते, ते माझ्या आईला वीस वर्षांत कळलेलं नाही. तुम्हाला वीस मिनिटांत सांगून तुमचा रविवार खराब करायची माझी इच्छा नाही. त्यापेक्षा ज्या गोष्टीवरून आपल्या ग्रुपवर माझी कायम चेष्टा होते, तिच्याबद्दल बोलते. 'काय गं, संपली का तुझी वाट?' असं दर दिवाळीला कुणीतरी विचारतंच. नाही संपली. पण का नाही संपली, ते आज सांगते.

ही वाट म्हणजे पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल. मेक्सिकोच्या सीमेवरच्या कॅम्पो नावाच्या छोट्या गावापासून ती सुरू होते आणि कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन अशी तीन राज्यं ओलांडून कॅनडाच्या सीमेला भिडते. लांबी सुमारे ४,२६५ किलोमीटर. बरेच लोक ती एका दमात चालतात. एप्रिलच्या आसपास दक्षिणेकडून निघायचं आणि पाचेक महिन्यांत, सप्टेंबर संपायच्या आत, उत्तरेला पोचायचं. तरुण असावं लागतं, नाहीतर निवृत्त, नाहीतर नोकरी सोडायची तयारी हवी. माझ्याकडे तिन्ही नाही. वर्षाला तीन आठवडे रजा, दोन मुलं आणि एक कुरकुरणारा गुडघा, एवढ्या भांडवलावर मी २०१६ साली सुरुवात केली.

पहिल्या वर्षी दक्षिणेचा थोडा भाग नीट पार पडला, त्यामुळे डोक्यात हवा गेली. २०१७च्या जूनअखेरीला सिएरा नेवाडाचा मधला टप्पा करायचा, असं मी ग्रुपवर जाहीर करून टाकलं. तारीख ठरली ती मुलांच्या सुट्टीवरून आणि ऑफिसच्या रिलीजवरून. हवामानावरून नाही.

कॅलिफोर्नियात १ एप्रिलच्या सुमाराला डोंगरांवरचं बर्फ मोजतात, कारण साधारण त्याच वेळी ते सर्वांत जास्त असतं. पुढे उन्हाळाभर नद्यांना किती पाणी येणार, याचा अंदाज त्यावरून बांधतात. २०१५ साली ते सरासरीच्या जेमतेम पाच टक्के होतं. २०१७ साली सरासरीच्या दीडपटीहून जास्त. हे आकडे कुणालाही घरबसल्या बघता येतात. मी, जी दिवसभर आकड्यांतच बसते, तिने ते बघितले नव्हते.

मी आणि माझी एक मैत्रीण निघालो. पहाटे बर्फ गोठलेलं असतं, बुटांना काटे लावून त्यावरून चांगलं चालता येतं. दहा वाजले की ते मऊ होतं आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. तासाला एक किलोमीटरही होईना. तरी ते सोसता आलं असतं. खरी भीती पाण्याची. वितळलेलं सगळं बर्फ ओढ्यांत उतरतं आणि दुपारनंतर ओढे फुगत जातात. बेअर क्रीक नावाचा ओढा आहे. आम्ही त्याच्या काठावर संध्याकाळी पोचलो. पाणी कमरेच्या वर होतं, आणि तळातले दगड गडगडल्याचा आवाज काठावर ऐकू येत होता. तंबू टाकला. पहाटे पाणी थोडं उतरलं होतं. मैत्रीण म्हणाली, "आता जाऊ, आता जमेल." मी अर्धा तास काठावर उभी राहिले आणि म्हटलं, परत फिरायचं.

ती चिडली. परतीचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचंही बरोबर होतं, तिचीही वर्षभराची रजा त्यात गेली होती. आमच्यापुढे एक गट ओलांडून गेला, तेही सुखरूप पोचले. त्यामुळे मी घाबरट आहे की शहाणी, याचा निकाल तिथे काही लागला नाही. त्याच उन्हाळ्यात सिएरातले ओढे ओलांडताना याच वाटेवरच्या दोन तरुणी बुडाल्या. ती बातमी वाचल्यावर मैत्रिणीचा फोन आला. आम्ही दोघी फार काही बोललो नाही.

आता सर, तुम्हाला आठवतं का माहीत नाही. आम्ही नववीत असताना जुलैमध्ये नाणेघाटाची सहल ठरली होती आणि तुम्ही ती आदल्या दिवशी रद्द केलीत. वर्गणी परत दिलीत. आम्ही दोन दिवस भूगोलाच्या तासाला तोंड पाडून बसलो होतो. मग डिसेंबरात नेलंत. घाटाच्या तोंडाशी उभं राहून खाली थेट कोकण दिसलं, आणि लेण्यातला तो सातवाहनांचा शिलालेख तुम्ही आम्हाला सावकाश दाखवलात. जुलैत गेलो असतो तर धुक्यात एकमेकांच्या छत्र्या दिसल्या असत्या. बेअर क्रीकहून परतताना मला हे आठवलं. सहल रद्द करणारा माणूस किती एकटा पडतो, ते मला तेव्हा, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, कळलं.

घरी आल्यावर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. वाटेचा नकाशा घेतला आणि जिथे जिथे मोटारीचा रस्ता वाटेला छेदतो तिथे तिथे ती कापली. मग प्रत्येक तुकड्यापुढे एकच प्रश्न: इथे कधी जावं? गंमत म्हणजे उत्तर नकाशावर सरळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाला सगळे 'वाळवंट' म्हणून मोकळे होतात. पण त्यात सॅन हासिंटोसारखे उंच डोंगर आहेत, तिथे मार्चमध्ये कडक बर्फ असतं आणि पाय घसरला की माणूस सरळ दरीत. त्याच सुमाराला खालच्या भागात फुलं असतात आणि झऱ्यांना पाणी असतं. मेअखेरीला उलट: वर छान, खाली भट्टी. तिथे एका टप्प्यात जवळजवळ चाळीस किलोमीटर नैसर्गिक पाणी नाही. म्हणून मी खालचे तुकडे मार्चमध्ये केले आणि मधले डोंगर सोडून दिले. ते मेच्या शेवटी वेगळे जाऊन केले. नकाशावर ते पँटला ठिगळं लावल्यासारखं दिसतं, पण चालताना हवा प्रत्येक वेळी सोन्यासारखी मिळाली.

सिएरासाठी मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरला. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दुपारी विजा होतात. दक्षिणेकडून दमट हवा येते, तिला तिकडेही 'मॉन्सून'च म्हणतात. सप्टेंबरपर्यंत ते ओसरतं, डास जातात, ओढे आटतात. रात्री मात्र बाटलीतलं पाणी गोठतं. धोका एकच, वणव्यांच्या धुराचा.

सप्टेंबर २०१८मध्ये त्याच मैत्रिणीबरोबर मी पुन्हा बेअर क्रीकच्या काठावर उभी होते. पाणी घोट्याच्या जरा वर. आम्ही बूट हातात घेऊन गेलो. पलीकडे पोचल्यावर तिने मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "हाच का तो?" मग आम्ही तिथेच चहा केला.

तुकडे केल्याचे तोटेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही आपल्याच कढीला चांगली म्हणते. सलग चालणाऱ्याचे पाय तीनचार आठवड्यांत तयार होतात आणि मग ते दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर सहज काढतात. माझे पाय दर वेळी नवखे. दर वेळी पहिले चार दिवस फोड आणि गुडघा. दर वेळी उंचीची सवय नव्याने करायची. फॉरेस्टर पास ४,००९ मीटरवर आहे, तिथे डोकं धरतं. प्रत्येक तुकड्याचा परवाना वेगळा, गाडी एका टोकाला आणि आपण दुसऱ्या. सलग जाणाऱ्यांची जी दोस्ती होते, तिच्यात तर आपण कायम पाहुणेच.

आणि सगळी गणितं करूनही हवा ऐकतेच असं नाही. २०२०च्या सप्टेंबरात वणव्यांमुळे कॅलिफोर्नियातली सगळी राष्ट्रीय वनं काही दिवस बंद केली. २०२१मध्ये पुन्हा तेच. उत्तर कॅलिफोर्नियात लासनजवळचा माझा तुकडा डिक्सी नावाच्या वणव्याने त्या वर्षी गिळला. तो अजून राहिलाय. २०२३ला बर्फ सरासरीच्या दुपटीहून जास्त होतं. त्या वर्षी मी सिएराचं नावच काढलं नाही, सरळ ओरेगनला गेले.

२०२२ची रजा बाबांची. तुमच्यातल्या पुष्कळांना ते पोस्टाच्या खिडकीतले आठवत असतील. मी प्रत्येक तुकडा संपवून फोन केला की ते घरातल्या कालनिर्णयावर किलोमीटर लिहायचे आणि विचारायचे, "राहिले किती?" त्या वर्षी मी तीन आठवडे त्यांच्या पलंगाशेजारी होते. त्यांनी एकदा विचारलं, "तुझी यंदाची वाट बुडाली ना?" मी म्हटलं, नाही बाबा, पुढच्या वर्षी. हे म्हणताना मला खोटं बोलावं लागलं नाही. सलग जायच्या हट्टाने नोकरी सोडून निघाले असते, तर त्या फोनच्या वेळी मी कुठल्यातरी खिंडीत असते. ते ऑक्टोबरात गेले. ती कालनिर्णयाची पानं आईने जपून ठेवली आहेत. काल रात्री आम्ही दोघींनी बेरीज केली, तर त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा अकरा किलोमीटरने जास्त निघाला. कुठून आले ते अकरा, देव जाणे. मी काही ते खोडणार नाही.

कुणीतरी ग्रुपवर विचारलं होतं, की अशी ठिगळाची वाट 'पूर्ण' धरतात का. धरतात. ही वाट सांभाळणारी जी संस्था आहे, ती पूर्ण करणाऱ्यांची यादी ठेवते. एका वर्षात केली की पंचवीस, हे ती विचारत नाही.

माझे सव्वातीन हजारांच्या आसपास झाले. लासनचा तो जळका तुकडा आणि अख्खं वॉशिंग्टन, साधारण आठशे किलोमीटर, बाकी आहे. वॉशिंग्टनला मध्य सप्टेंबरनंतर पाऊस बसतो आणि मग बर्फ, म्हणून तिथे ऑगस्टच. येत्या ऑगस्टमध्ये दक्षिणेकडचे दोनेकशे करायचा विचार आहे. नकाशा मी मागच्या बाकावर पसरून ठेवलाय. लाल रेघ म्हणजे झालेलं, पेन्सिलची म्हणजे राहिलेलं. सर, तुम्ही आधी या. तुम्हाला बेअर क्रीक दाखवायचाय.