उत्साह नाही, म्हणजे काय नाही?

(गोंदिया जिल्ह्यातील बायकांच्या एका बैठकीत दिवाळीनंतर केलेलं भाषण)



सण आणि बाई हा विषय निघाला की आपण उपासतापास, व्रतवैकल्यं, हळदीकुंकू यांवर बोलतो. त्यावर पुष्कळ बोलून झालं आहे. मला आज अगदी लहान वाटणाऱ्या एका गोष्टीवर बोलायचं आहे. दिवाळी जवळ येते आणि घर सजवायचा उत्साहच वाटत नाही. पुष्कळजणी हे हळू आवाजात सांगतात, जणू काही चोरी केली आहे. लगेच दुसरी विचारते, "काहून वो बाई, तब्येत बरी नाही का?" तिसरी म्हणते, "असं बोलू नये, लक्ष्मी रुसते."

आपल्या भागात दिवाळी येते ती धानाच्या कापणीच्या तोंडावर. दिवाळीचं घर कसं सजवावं याचे लेख शहरातल्या मासिकांत येतात, ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रिकामी दुपार असते. आपल्याकडे हलकं धान त्याच दिवसांत कापायला येतं. बांधीत कडपा पडलेल्या असतात. आभाळ भरून आलं की जीव खालीवर होतो, कारण भिजल्या कडपांना तिथेच अंकुर फुटतो. दिवसभर वाकून कापणी करायची आणि संध्याकाळी घरी येऊन भिंती लिंपायच्या, छुई कालवून पोतेरं फिरवायचं, अंगण सारवायचं, डबे घासायचे, गोधड्या धुवायच्या. आता पुष्कळांची घरं पक्की झाली. छुई गेली, डिस्टेंपरचा डबा आला. काम मात्र गेलं नाही.

शिवाय इतरत्र भाऊबीज झाली की सण आटोपतो. आपल्याकडे तिथून मंडई सुरू होते. आज या गावची, परवा त्या गावची. लेकी-जावई, व्याही, त्यांचे शेजारी, सगळे येतात. रात्री दंडार नाहीतर नाटक असतं. मला मंडई फार आवडते, खोटं कशाला बोलू? पण पाहुणे नाटकाला जातात तेव्हा चुलीपाशी कोण असतं, आणि सकाळी पाहुण्यांच्या आधी उठून सडा कोण टाकतं, हे या सभेत विचारायची गरज नाही.

सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची मोजणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाचे जातात ९७ मिनिटं. तेही जे पुरुष करतात त्यांचे, आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले. बाया एक्क्याऐंशी. ही झाली रोजची सरासरी. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस वेगळे काढून मोजले तर आकडा कुठे जाईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपल्या जिल्ह्यात त्यात सिकलसेलची भर आहे. जिचे सांधे दुखतात, जिना चढताना जिला धाप लागते, तिला घरात काय म्हणतात? आळशी. तेव्हा उत्साह नाही म्हणणाऱ्या बाईला लक्ष्मीची भीती घालण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तिचं हिमोग्लोबिन तपासा. पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं.

पण नेहमी मिळत नाही, हेही सांगते. गोंदियाला माझी एक ख्रिस्ती मैत्रीण आहे. तिच्या घरी नाताळची हीच तऱ्हा. पडदे धुवायचे, दारात चांदणी टांगायची, गव्हाणीचा देखावा मांडायचा. करंज्या-चकल्या तिच्याही घरी होतात, वर केक वेगळा. एका वर्षी डिसेंबर लागता लागता तिचे वडील गेले. तिने चांदणी टांगली नाही. भेटायला येणारे आधी दाराकडे बघायचे, मग तिच्याकडे. म्हणायचे, "लेकरांसाठी तरी कर." ती मला म्हणाली, "येशू गोठ्यात जन्मला. तिथले पडदे कोणी धुतले होते?" आम्ही दोघी खूप हसलो, मग ती रडली. तिला दुःख करायला दोन आठवडे हवे होते. कॅलेंडर ते द्यायला तयार नव्हतं. बाप गेला तरी बाईने दार उजळून ठेवायचं, कारण घराचा आनंद तिने तयार करून वाटायचा असतो, अशी आपली सगळ्यांचीच समजूत. धर्म कोणताही असो.

आणि नवरा गेला तर? आमच्या गावात विधवेने सारवलेलं अंगण चालतं, तिने ओवाळलेली आरती चालत नाही. तिचे हात शुभ की अशुभ, हे काम बघून ठरतं.

तीन वर्षांपूर्वी मी घरात सांगून टाकलं की या दिवाळीला मी फक्त उंबरठा आणि तुळस करणार. बाकी ज्याला करावंसं वाटेल त्याने करावं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मालक चार दिवस भिंतींकडे बघत राहिले. पाचव्या दिवशी बांबूला झाडू बांधून त्यांनी जाळी काढली. एका दुपारचं काम. पण गल्लीत बातमी पसरली. "किती करतात हो भाऊ घरात!" चौदा वर्षं तो बांबू माझ्या हातात होता, तेव्हा कोणाच्या नजरेस पडला नव्हता. सासूबाईंनी मात्र नंतर एक वाक्य उच्चारलं, ते मी जपून ठेवलं आहे. म्हणाल्या, "मलाही कधी वाटत नव्हतं वो. पण विचारलं कोणी?"

मी सजावटीच्या विरोधात नाही. अंगणात रांगोळी काढताना ज्या बाईला तासभर स्वतःचा असा मिळतो, तिच्याकडून तो काढून घेणारी मी कोण? तिला हौस आहे, तिने करावं. हौस आणि हजेरी यांत फरक आहे, एवढंच माझं म्हणणं.

आता लक्ष्मीपूजनाकडे येते. त्या संध्याकाळी आपण दारापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढतो. ती पावलं ज्या घरात शिरतात ते घर कोणाच्या नावावर आहे? शेतकरी संघटनेने १९८९ नंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या, असं पुरुषांना सांगितलं, आणि गावोगाव हजारोंनी तसं करून दिलं. १९९४ साली आपल्या राज्याने आणि २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. २००३ साली राज्य सरकारने सांगितलं की गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी. कागदावर पुष्कळ झालं आहे. तरी वीस वर्षं भिंती पोतणाऱ्या बाईला भांडणात एका रात्री "निघ माझ्या घरातून" हे ऐकावं लागतं. आपल्याकडे येणाऱ्या तक्रारींत हे वाक्य किती वेळा असतं, ते तुम्ही ऐकलंच आहे. मग ती पुढच्या दिवाळीला म्हणते, मन लागत नाही. कुठून लागणार?

म्हणून एक काम देते. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घराचा नमुना आठचा उतारा घेऊन या, ग्रामपंचायतीत मिळतो. तो कर-आकारणीचा कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, पण त्यावर आपलं नाव असलं की बोलायला जागा राहते. ज्यांचं नाव नसेल त्यांचे अर्ज इथे बसून लिहू. सासूचंही नाव बघून या. लिहिता येत नसेल तरी या, लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत.

ज्यांच्या गावची उद्या मंडई आहे त्यांना लवकर निघायचं आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून इथेच थांबते.