एका पेटींतले परके शेजारी

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचें औरंगाबाद, येथील माणसास मासे पाहण्याचें सुख नवें नाहीं. पाणचक्कीच्या हौदाकांठीं उभें राहून पाण्यांतील हालचाल न्याहाळणें हा येथील मुलांचा जुना छंद आहे. परंतु हौद वेगळा आणि दिवाणखान्यांतील कांचेची पेटी वेगळी. हौदांतल्या दुबळ्या माशाला पळावयास जागा असते. पेटींतल्या माशाला चार कांचांपलीकडे जगच नसतें. हा भेद ध्यानांत न घेतां पेटी भरली म्हणजे काय होतें, तें सिक्लिड नांवाच्या माशांच्या बाबतींत फार लवकर दिसून येतें.

बहुधा असें घडतें. रविवारीं सकाळीं सारें कुटुंब माशांच्या दुकानांत जातें. धाकट्या मुलीस पिवळा मासा आवडतो, मुलास काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा हवा असतो, आईचें मन लांब परांच्या एंजलवर बसतें, आणि वडील मोठ्या डोळ्यांचा, गंभीर चर्येचा ऑस्कर पसंत करितात. प्रत्येकाची आवड राखली जाते आणि चार निरनिराळ्या स्वभावांचे जीव एका पेटींत येऊन पडतात. पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच एंजलचे पर कुरतडलेले दिसतात, पिवळा मासा फिल्टरच्या मागें दडून बसतो, आणि कांहीं महिन्यांनीं ऑस्कर मोठा झाला म्हणजे एके सकाळीं लहान मासा पेटींतून नाहींसा झालेला असतो. मग घरांत निकाल दिला जातो कीं, ही जातच भांडखोर.

हा निकाल अर्धाच खरा आहे. सिक्लिड हें माशांचें एक फार मोठें कुल असून त्यांतील सतराशेंच्या वर जातींचें वर्णन शास्त्रज्ञांनीं केलेलें आहे. आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिका हें त्यांचें मुख्य वसतिस्थान. भारतांत मूळच्या अशा तीनच जाती आहेत. बहुतेक मासे अंडीं घालतात आणि पुढें त्यांकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. सिक्लिडांचें तसें नाहीं. कोणी सपाट दगड घांसूनपुसून स्वच्छ करितात, त्यावर अंडीं चिकटवितात आणि नर-मादी दोघेंहि पहारा करितात. कांहीं जातींची मादी अंडीं तोंडांत घेते आणि पिलें स्वतंत्रपणें पोहूं लागेपर्यंत, दोन-तीन आठवडे, जवळजवळ उपाशी राहते. ज्यास लेंकरांसाठीं घर राखावयाचें, त्यास कुंपण हवें. आणि कुंपण आलें कीं शेजाऱ्याशीं तंटा आलाच. ज्यास माणसें भांडखोरपणा म्हणतात, तो बऱ्याच अंशीं या माशांच्या वात्सल्याचाच दुसरा अंग आहे.

याचें उदाहरण घरच्याच किनाऱ्यावर सांपडतें. गोवा व सिंधुदुर्गाच्या खाड्यांतील कालुंदर हा अस्सल भारतीय सिक्लिड होय. केरळांत त्यालाच करिमीन म्हणतात, आणि २०१० सालीं त्या राज्यानें त्यास राज्यमत्स्याचा मान दिला. त्याचा एक नारिंगी रंगाचा, बोटाएवढा भाऊबंद दक्षिण भारताच्या व श्रीलंकेच्या खाड्यांत त्याच्याच शेजारीं राहतो. श्रीलंकेंत अभ्यासकांना असें आढळून आलें कीं, हा चिमुकला मासा कालुंदराच्या अंगावरील परोपजीवी टिपून खातो व त्यास स्वच्छ करितो. आणि तोच संधि मिळतांच कालुंदराचीं अंडीं व नुकतींच निघालेलीं पिलेंहि फस्त करितो. एकच शेजारी, वैद्यहि आणि चोरहि! तरीहि खाडींत दोघे नांदतात. कारण तेथें पहारा करावयास आणि प्रसंगीं दूर सरावयास दोघांनाहि जागा आहे. चार फूट लांबीच्या पेटींत ही सोय आपोआप होत नाहीं. ती माणसालाच करून द्यावी लागते, आणि तिचे तीन भाग आहेत : मूळ देश, जागा आणि पाणी.

प्रथम मूळ देशाचा विचार. आफ्रिकेंतील मालावी सरोवरांत सिक्लिडांच्या शेंकडों जाती असून त्यांतील बहुतेक जगांत इतरत्र कोठेंहि सांपडत नाहींत. त्या सरोवराचें पाणी अल्कधर्मी आहे. उलट एंजल व डिस्कस यांचें माहेर ॲमेझॉनचें खोरें. तेथील पाणी मऊ आणि आम्लधर्मी. मालावीच्या खडकांत राहणारे मासे मुख्यतः शेवाळ खरवडून खातात. त्यांस रोज मांसाहार दिला तर पोट फुगण्याचा रोग होऊन ते दगावतात. ऑस्कर हा शिकारी, फूटभर वाढणारा; तोंडांत मावेल तें त्याचें भक्ष्य. म्हणजे ज्या पेटींत हे तिघे एकत्र आले, तिच्यांत कोणतेंहि पाणी घातलें व कोणतेंहि अन्न टाकलें तरी कोणावर तरी अन्याय ठरलेलाच. निरनिराळ्या जाती एकत्र ठेवाव्यात, परंतु त्या एकाच प्रदेशाच्या, साधारण एकाच आकाराच्या व एकाच आहाराच्या असाव्यात. मराठवाड्याचा खडक काळा बेसाल्ट. येथील विहिरींचें व बोअरचें पाणी बहुधा जड, म्हणजे साबणास फेस येऊं न देणारें असतें. तें डिस्कससारख्या नाजूक माशास मानवत नाहीं, मालावीच्या माशांस मात्र सहज चालतें.

त्या एका सरोवरांतल्या माशांतहि निवड करावी लागते. पिवळा लॅबिडोक्रोमिस तुलनेनें सौम्य. पट्टेदार ऑरॅटस अत्यंत तापट. सारख्या रंगाच्या दोन जाती शेजारीं ठेवूं नयेत, कारण नर आपला प्रतिस्पर्धी बहुधा रंगावरूनच ओळखतो. मादीहि वर निवडतांना रंगच पाहते. आफ्रिकेंतीलच व्हिक्टोरिया सरोवराचें पाणी गढूळ झालें तेव्हां रंग ओळखूं येईनात आणि जवळच्या जातींत संकर होऊं लागला, असें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविण्यांत आलें. पेटींतहि असा संकर सहज होतो. एका नरामागें तीन-चार माद्या ठेवल्या म्हणजे एकाच मादीचा छळ होत नाहीं.

दुसरी गोष्ट जागेची. रिकाम्या पेटींत सर्वांत बलवान् मासा चारी कोपऱ्यांचा धनी होतो. दगड रचून कपारी केल्या म्हणजे तिचे अनेक वाडे होतात आणि एकाच्या दृष्टीआड दुसऱ्यास राहतां येतें. जड दगड पेटीच्या तळाशीं आधीं बसवून मग वाळू घालावी. हे मासे वाळू उकरण्यांत पटाईत असतात आणि वाळूवर रचलेला दगड ढांसळून कांच फुटते. मासे शक्य तों एकाच दिवशीं सोडावे; तें न जमल्यास सौम्य आधीं व तापट शेवटीं. नवा मासा आणावयाचा झाल्यास दगडांची रचना बदलावी, म्हणजे जुन्या मालकांच्या हद्दी मोडतात आणि सर्वांनाच नव्यानें घर शोधावें लागतें.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि या शहरांत तीच सर्वांत अवघड. मालावीचे मासे पाळणारे एक युक्ति करितात. दोन-चार मासे न ठेवतां ते पेटी जरा दाट भरतात, म्हणजे दांडगटाचा राग एकावर न पडतां अनेकांवर विभागला जातो. युक्ति खरी आहे, परंतु तिची किंमत पाण्यांत मोजावी लागते. माशांच्या विष्ठेपासून अमोनिया होतो. फिल्टरमधील सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करितात. नव्या पेटींत हे जंतु रुजावयास चार ते सहा आठवडे लागतात. अल्कधर्मी व उष्ण पाण्यांत अमोनिया अधिकच विषारी ठरतो, आणि मालावीची पेटी तर अल्कधर्मीच असते. शेवटीं उरणारें नायट्रेट काढून टाकण्यास पाणी बदलणें हाच सरळ उपाय.

आतां हिशेब करावा. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटींत सुमारें २५० लिटर पाणी मावतें. दर आठवड्यास चौथा हिस्सा बदलावयाचा म्हणजे साठ लिटर, चार मोठ्या बादल्या. शहरास पन्नासएक किलोमीटरांवरील पैठणच्या नाथसागराचें पाणी येतें, आणि गेलीं कित्येक वर्षें तें घरोघरीं कांहीं दिवसांच्या अंतरानें सोडलें जात आलें आहे. ज्या घरांत स्वयंपाकाचें पाणी पिंपांत मोजून ठेवावें लागतें, तेथें मे महिन्यांत या चार बादल्या कोणाच्या वाटणींतून निघणार, हा प्रश्न मासे आणण्यापूर्वी घरांतील सर्वांनीं मिळून सोडवावयास हवा. नळाचें पाणी आणखी एक दिवस उघडें ठेवून वा हायपोचे खडे घालून त्यांतील क्लोरीन घालवावा लागतो. उन्हाळ्यांत पाणी तापतें आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. अशा वेळीं वीज गेली तर दाट भरलेली पेटी सर्वांत आधीं संकटांत सापडते. ज्या घरीं चार बादल्यांची खात्री नाहीं, तेथें अनेक जातींचा हव्यास सोडून एकाच लहान जातीचें जोडपें ठेवावें. बदललेलें पाणी मात्र वाया जात नाहीं. कुंड्यांतील झाडांस तें उत्तम खत होय.

एवढें करूनहि एखादा मासा असा निघतो कीं तो कोणाबरोबरच नांदत नाहीं, किंवा पिलें इतकीं होतात कीं जागा पुरत नाहीं. अशा वेळीं दया म्हणून मासा जवळच्या तळ्यांत अगर नदींत सोडण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें आवरावा. या कुलांतीलच एका माशाचा इतिहास त्यास पुरेसा आहे. मोझांबिकचा तिलापिया १९५२ सालीं मत्स्यशेतीसाठीं भारतांत आणण्यांत आला. दोन-तीन महिन्यांत वयांत येणारा व पिलें तोंडांत सांभाळणारा हा मासा इतका फोफावला कीं १९५९ सालीं त्याच्या प्रसारावर बंदी घालण्याची वेळ आली. पण तोंवर तो आवरण्यापलीकडे गेला होता. उजनीच्या जलाशयांत कोळी ज्याला चिलापी म्हणतात, तो हाच कुलबंधु. चिलापीवर आज अनेकांचें पोट चालतें हें खरें. परंतु जेथें तो शिरतो तेथील मूळच्या माशांचें अन्न व जागा तो बळकावतो हेंहि तितकेंच खरें. पेटींतील दांडगट चार कांचांत अडकलेला असतो. गोदावरींत सोडलेल्या दांडगटास तेथून पुन्हां उचलून आणणारा कोणी नाहीं. नकोसा मासा दुकानदारास परत द्यावा, दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा, किंवा त्याची वेगळी पेटी करावी.

ज्या श्रोत्यांच्या घरीं अशा पेटीचा विचार चालू असेल, त्यांनीं दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वी चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून न्यावीं : हा मासा मूळचा कोठला, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, काय खातो, आणि त्याच्यासाठीं आठवड्यास किती बादल्या पाणी निघूं शकेल. मुलीचा पिवळा आणि मुलाचा पट्टेदार यांतून एकाची निवड करावी लागली तर घरांत थोडा रुसवा होईल. परंतु तो रुसवा चार दिवसांचा असतो, आणि पेटींतला तंटा रोज डोळ्यांपुढें चालतो.