लिटरचा भाव आणि प्रवासाचा खर्च
(केंद्रशाळेत भरलेल्या शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



भाद्रपद जवळ आला म्हणजे मुंबई, ठाणे, डोंबिवलीकडील चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग पनवेल, पेण, महाडवरून कोकणाकडे लागते. कशेडी, खेड, चिपळूण, संगमेश्वर मागे टाकीत ती हातखंब्यास येते व तेथून काही गाड्या रत्नागिरीकडे फुटतात. पूर्वी ज्या घरी एस्. टी.च्या गाडीची वाट पाहिली जात असे, त्यांतील कित्येक घरांच्या अंगणात आता पुतण्याची किंवा जावयाची मोटार उभी असते. रात्रीची आरती आटोपून मंडळी ओटीवर टेकली की एक वाद निघतो: पेट्रोलची गाडी परवडते की डिझेलची? एक म्हणतो, डिझेल स्वस्त. दुसरा म्हणतो, पण गाडीच महाग, त्याचे काय? वाद आवाजाच्या बळावर चालतो आणि बहुधा वडीलधाऱ्यांच्या शब्दाने मिटतो. ओटीच्या कडेला सातवीतला मुलगा बसलेला असतो. एकमान पद्धती, सरासरी, शेकडेवारी हे सर्व त्याला शाळेत शिकविलेले असते. परंतु तो तोंड उघडीत नाही. कारण ते गणित पुस्तकातल्या हौदाचे व नळाचे आहे, घरच्या मोटारीचे नव्हे, अशी त्याची समजूत झालेली असते. दापोली तालुक्यातील मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झाले. त्याच जिल्ह्यातील मुलाने ओटीवरच्या हिशेबास बिचकावे, हे काही बरे नाही.

तेव्हा वर्गात हाच हिशेब मांडून पाहावा. मुंबईहून रत्नागिरी सुमारे ३४० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६८०. गणपतीपुळे, पावस आणि नातलगांच्या घरच्या गणपतींचे दर्शन यांसाठी आणखी १२० धरले की एकूण ८०० किलोमीटर झाले. पेट्रोलची गाडी लिटरला १६ किलोमीटर आणि तेवढीच डिझेलची गाडी २० किलोमीटर जाते असे समजावे. भाव सोयीसाठी पेट्रोल १०५ रुपये व डिझेल ९२ रुपये घ्यावा. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वर्गात मुलांनी त्या दिवशी पंपावरील फलकावर पाहिलेला भावच फळ्यावर यावा. पेट्रोल लागेल ५० लिटर, खर्च ५,२५० रुपये. डिझेल लागेल ४० लिटर, खर्च ३,६८० रुपये. फरक १,५७० रुपये.

बहुतेक वर्गांत गणित येथे संपते, आणि खरी गंमत येथूनच सुरू होते. हे १,५७० रुपये कशामुळे वाचले? मुले एकमुखाने सांगतील, डिझेल स्वस्त म्हणून. शिक्षकाने विचारावे, डिझेलचा भावही १०५ रुपयेच असता तर? चाळीस लिटरांचे ४,२०० रुपये झाले असते. म्हणजे पेट्रोलपेक्षा १,०५० रुपये तरीही कमीच. लिटरमागील १३ रुपयांच्या स्वस्ताईने वाचले ते अवघे ५२० रुपये. बचतीचे तीन वाटे केले तर दोन वाटे एंजिनाचे आणि एकच वाटा भावाचा. ज्या कारणाचा ओटीवर गाजावाजा होतो, तेच दोहोंतील धाकटे निघते.

एंजिनाचा हा वाटा येतो कोठून, हे विज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगे आहे. निकोलाउस ऑटो याने १८७६ मध्ये चार धावांचे एंजिन चालवून दाखविले; पेट्रोलची मोटार त्याच तत्त्वावर चालते. तीत हवा व इंधन यांचे मिश्रण सुमारे दहापट दाबले जाते आणि विजेच्या ठिणगीने पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे एंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. त्यात नुसती हवा दाबली जाते, आजच्या गाड्यांत सुमारे सोळापट. त्या दाबाने ती इतकी तापते की तीत फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक हातास गरम लागते, एवढे मुलांस आठवून दिले की पुरे. अधिक दाबामुळे उष्णतेचा अधिक भाग कामी येतो. शिवाय डिझेल पेट्रोलहून जड असल्याने त्याच्या एका लिटरात उष्णताही सुमारे दहा टक्के जास्त असते.

आता लिटरला १६ आणि २० हे आकडे कोठून आणावयाचे? कंपनीच्या माहितीपत्रकावरून मुळीच घेऊ नयेत. तो आकडा ठराविक चाचणीतला असतो; महामार्गावरच्या खोळंब्यात, घाटात, वातानुकूलन चालू असताना आणि टपावर सामान बांधलेले असताना तो टिकत नाही. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, प्रवास करून पुन्हा काठोकाठ भरावी, आणि दुसऱ्या वेळी जितके लिटर मावले त्याने अंतरास भागावे. ज्याच्या घरी मोटार नाही त्याने रिक्षावाल्या काकांना किंवा दुचाकीवाल्या शेजाऱ्याला विचारावे. रीत तीच.

येथे एक चूक फार होते व ती शिक्षकांकडूनही होते. रत्नागिरी ते कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. आंबा घाट चढून जाताना गाडी लिटरला १० किलोमीटर आणि परतताना २० किलोमीटर गेली असे धरावे. आकडे मुद्दाम ठळक घेतले आहेत. सरासरी किती? वर्गातून १५ हे उत्तर येते. पण जाताना १३ लिटर लागले, येताना साडेसहा. एकूण २६० किलोमीटरांस साडेएकोणीस लिटर. म्हणजे लिटरला १३ पूर्णांक एक-तृतीयांश किलोमीटर. चढावर लिटर जास्त जळतात, म्हणून त्या दहाच्या आकड्याचे वजनही सरासरीत जास्त पडते. आधी सगळे अंतर, मग सगळे लिटर, आणि शेवटी भागाकार, हा क्रम मुलांच्या हाडीमाशी भिनला पाहिजे.

आता ओटीवरील दुसऱ्या गृहस्थाचा प्रश्न, आणि घराच्या दृष्टीने महत्त्वाचा तो हाच. कारण येथे कर्जाचे हप्ते येतात. पेट्रोलच्या गाडीस किलोमीटरमागे ६ रुपये ५६ पैसे पडतात, डिझेलच्या गाडीस ४ रुपये ६० पैसे. वाचतात १ रुपया ९६ पैसे. डिझेलची गाडी घेताना १,२०,००० रुपये जास्त मोजले असतील, तर ते भरून निघण्यास सुमारे ६१,००० किलोमीटर धावावे लागेल. एखादे कुटुंब गणपतीस व मे महिन्यात मिळून १,६०० किलोमीटर फिरते आणि एरवी महिन्याला ४००. म्हणजे वर्षाचे ६,४००. जास्तीचे पैसे वसूल व्हायला साडेनऊ वर्षे! त्यावरील व्याज आणि देखभालीचा फरक यांत धरलेलाच नाही. उलट रत्नागिरी ते चिपळूण प्रवासी वाहतूक करणाऱ्या माणसाची गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर धावत असेल, तर त्याचे पैसे सुमारे वीस महिन्यांत मोकळे होतात. इंधन तेच, भाव तोच. दोन घरांची उत्तरे मात्र वेगळी. शहरातल्या शहरात थोडे अंतर जाणाऱ्यास आणखी एक अडचण आहे. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल मोटारींत काजळी धरणारी गाळणी असते. ती आतल्या आत जळून साफ होण्यास गाडी बराच वेळ सलग धावावी लागते. रोज बाजारापर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते. त्याच सुमारास मारुती सुझुकीने डिझेलच्या मोटारी बंद केल्या, आणि लहान गाड्यांत डिझेलचा पर्याय विरळ झाला.

मग डिझेल म्हणजे स्वस्त ही समजूत इतकी घट्ट का बसली? तिला इतिहास आहे. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. कारण पेट्रोलचा भाव जून २०१० मध्येच सरकारी नियंत्रणातून सुटला होता, डिझेलचा सुटला नव्हता. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळे झाले, आणि १६ जून २०१७ पासून दोहोंचे भाव देशभर रोजच्या रोज ठरू लागले. जून २०२० मध्ये तर राज्याच्या करामुळे दिल्लीत काही आठवडे डिझेलच पेट्रोलहून महाग होते. ओटीवरील मंडळी २०१२ सालच्या भावाने आजचा वाद घालीत असतात, दुसरे काही नाही.

धुराचाही हिशेब करावा. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलोग्रॅम आणि एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. पाऊण किलोच्या पेट्रोलातून सव्वादोन किलोंहून अधिक वायू कसा निघेल, असे एखादी चौकस मुलगी विचारील. तिला हवेतल्या ऑक्सिजनचे वजन सांगावे. त्या ८०० किलोमीटरांत पेट्रोलच्या गाडीतून ११५ आणि डिझेलच्या गाडीतून १०८ किलोग्रॅम वायू बाहेर पडतो. पैशांत तीस टक्के फरक, या वायूत जेमतेम सहा टक्के. आणि ४४ माणसे घेऊन लिटरला साडेचार किलोमीटर जाणारी एस्. टी.ची गाडी या हिशेबात घातली, तर दोन्ही मोटारी फिक्या पडतात. तो आकडा मुलांनीच काढावा.

एक दुरुस्ती राहिली. २०२५ पासून देशात सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते. म्हणून लिटरला १६ ऐवजी १५ किलोमीटर धरून गणित पुन्हा करावे. किलोमीटरमागे बरोबर ७ रुपये येतात, बचत २ रुपये ४० पैसे होते, आणि जास्तीचे पैसे ५०,००० किलोमीटरांत फिटतात. वर्षाला ६,४०० किलोमीटर फिरणाऱ्या त्या कुटुंबास तरीही पावणेआठ वर्षांहून थोडा अधिकच काळ लागतो.